वकील सोसायटीचा, बिल रहिवाशांचे

व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत ओल्ड बेलहेवन नावाची रो-हाउसची छोटी वसाहत आहे. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तिथल्या एका कुटुंबाने ओबामांच्या प्रचाराची पाटी अंगणात लावली. पाटी वसाहतीच्या नियमापेक्षा चार इंच उंच भरली. वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेने हरकत घेतली, मग दंडाची भाषा आली, मग घरामागच्या डेकच्या परवानगीवरून वाद पेटला आणि प्रकरण कोर्टात गेले. असा दंड लावण्याचा अधिकार संघटनेच्या मूळ दस्तऐवजातच नाही, असे कोर्टाने सांगितले. तोवर खर्च चार लाख डॉलरच्या घरात पोहोचला होता. संघटना दिवाळखोरीत गेली. जी वार्षिक वर्गणी ६५० डॉलर होती, ती साडेतीन हजारांच्या आसपास गेली. ज्यांचे त्या पाटीशी काही देणेघेणे नव्हते, त्या शेजाऱ्यांनाही हा भुर्दंड बसला.

अमेरिकेत अशा संघटनांना होमओनर्स असोसिएशन म्हणतात. रोजच्या बोलण्यात नुसते एचओए. कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट ही १९७३ मध्ये स्थापन झालेली संस्था या क्षेत्राचे आकडे ठेवते. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात अशा साडेतीन लाखांहून जास्त संघटना आहेत आणि सात कोटींहून अधिक लोक त्यांच्या नियमांखाली राहतात. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात घर घेतलेली मराठी कुटुंबेही त्यांत मोठ्या संख्येने आहेत. घराच्या व्यवहारात सह्यांचा जो गठ्ठा पुढे येतो, त्यात वसाहतीच्या अटींचा जाड दस्तऐवज असतो. आपल्याकडच्या उपविधींसारखाच तो असतो; फरक इतकाच, की तो जमिनीच्या मालकीला चिकटलेला असतो आणि घर विकले की नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. तो बहुतेक जण वाचत नाहीत. त्याची पहिली खरी ओळख होते ती वकिलाच्या लेटरहेडवर आलेल्या पत्रातून.

हे वकील रहिवाशांशी कसे वागतात आणि ज्यांच्या सांगण्यावरून पत्रे लिहितात त्या संघटनेच्या संचालक मंडळाशी, म्हणजे बोर्डाशी, कसे वागतात, यावर तिकडे गेली तीसेक वर्षे वाद चालू आहे. एका बाजूला घर गमावलेल्यांच्या कहाण्या आहेत, दुसऱ्या बाजूला वकिलांचे म्हणणे आहे की आम्ही फक्त करार राबवतो. माझ्या मते वकील चांगले की वाईट, या चर्चेतून फारसे काही निघत नाही. हुकूम बोर्ड देते, बिल रहिवासी भरतात आणि वकिलाचे अशील मात्र या दोघांपैकी कोणीच नसते. सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श आचारनियमांत १.१३ क्रमांकाचा नियम आहे. संस्थेच्या वकिलाचे अशील ती संस्था. तिचे पदाधिकारी किंवा सभासद नव्हेत. संस्थेचे आणि त्या माणसांचे हित वेगळे होत असेल, तर आपण कोणाचे वकील आहोत हे वकिलाने स्पष्ट सांगायचे असते. कागदावर हे नितळ आहे. पण संस्था बोलत नाही, बोर्ड बोलते. पाच जणांच्या बोर्डात तिघे एका शेजाऱ्यावर चिडले असतील, तर वकिलाच्या फोनवर येणारा आवाज त्या तिघांचा असतो. शेजारी समजत असतो की महिन्याची वर्गणी मी भरतो, म्हणजे हा वकील थोडाफार माझाही आहे. तसे नसते. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २००० साली लगुना सूर वसाहतीच्या खटल्यात हा मुद्दा निकालात काढला: वकील आणि संघटना यांच्यातल्या पत्रव्यवहाराची गोपनीयता संघटनेची आहे, एकेकट्या घरमालकाला तो पाहण्याचा हक्क नाही. सल्ला आपल्या पैशांतून घेतलेला, पण आपल्याला दिसणार नाही. कायद्याच्या दृष्टीने यात तर्क आहे, कारण उद्या तोच सभासद संघटनेविरुद्ध दावा लावू शकतो. पण वसाहतीत अविश्वास रुजतो तो इथेच.

बोर्डाची बाजूही समजून घेतली पाहिजे. ही माणसे बिनपगारी असतात. दिवसा नोकरी, संध्याकाळी मीटिंग, आणि हातात कित्येक लाख डॉलरचे बजेट, छपरांची दुरुस्ती, विम्याचे वाद, राज्याच्या कायद्यातली दर वर्षीची दुरुस्ती. अशा वेळी जाणकार वकील हाच त्यांचा आधार असतो. या क्षेत्रातले चांगले वकील बोर्डाला सर्वाधिक वेळा सांगतात ते 'हे करू नका' असेच: शेजाऱ्याच्या कुंपणाच्या रंगावरून खटला भरू नका, निवडणुकीत मतपत्रिका दाबू नका, एकाला माफ आणि दुसऱ्याला दंड असे करू नका. हे काम बाहेर दिसत नाही, कारण न झालेल्या खटल्याची बातमी होत नाही.

मात्र बोर्ड आणि वकील यांच्या या नात्यात एक उणीव आहे. अनेक राज्यांच्या कायद्यांनुसार संचालकांनी सद्भावनेने वकिलाच्या मतावर विसंबून निर्णय घेतला, तर त्यांच्यावर वैयक्तिक जबाबदारी सहसा येत नाही. त्यामुळे सल्ला हवा म्हणून वकील गाठण्याऐवजी संरक्षण हवे म्हणून मत लिहून घेण्याची सवय लागते. प्रश्नच असा विचारला जातो, की उत्तर 'होय, तुम्हाला अधिकार आहे' असे यावे. अधिकार आहे आणि तो वापरणे शहाणपणाचे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तासावर फी घेणाऱ्याला दुसरी गोष्ट कोणी विचारत नाही आणि सगळेच ती आपणहून सांगत नाहीत. फ्लोरिडात तर नव्या संचालकांना कायद्याने जे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याचे वर्ग अनेकदा याच क्षेत्रातल्या वकिलांच्या फर्म फुकट घेतात. वर्ग उपयुक्त असतात, शिकवणारेही जाणकार असतात. पण बोर्डाचे सगळे शिक्षण जर सेवा विकणाऱ्याकडूनच होत असेल, तर 'यासाठी वकील नको, जाऊन बोला' हे त्यांना कोण शिकवणार?

आता थकबाकीकडे वळू. या विषयातली सर्वाधिक दुःखे इथेच आहेत. समजा, एका घराची तिमाही वर्गणी ३०० डॉलर आहे आणि मालकाने ती चुकवली. उशिराचा आकार २५ डॉलर. फाइल वकिलाकडे पाठवण्याचा व्यवस्थापन कंपनीचा खर्च १००. वकिलाच्या पहिल्या पत्राचे २५०. घरावर बोजा चढवण्याचे कागद करण्याचे ४००. आकडे माझे, उदाहरणापुरते. पण पायऱ्या खऱ्या आहेत. ३०० डॉलरचे येणे १,०७५ वर गेले, म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. आता मालक घाबरून ३०० डॉलरचा चेक पाठवतो. जिथे कायदा आड येत नाही, तिथे ते पैसे आधी वकिलाच्या फीत आणि आकारांत जिरतात. मूळ वर्गणी थकलेलीच राहते, तिच्यावर पुढच्या महिन्याचा दंड चढतो आणि पुढचे पत्र निघते. अनेक फर्म बोर्डाला सांगतात की वसुलीसाठी तुम्हाला खर्च येणार नाही, आम्ही फी थकबाकीदाराकडूनच घेऊ. बोर्डाला हे सोयीचे वाटते. पण ज्याच्या खिशातून पैसे जात नाहीत, त्याला ते थांबवण्याची घाईही नसते. दोन ओळींचा ईमेल किंवा दारावरची एक थाप जिथे पुरली असती, तिथे चार नोटिसा जातात.

याचा शेवट कुठवर जाऊ शकतो, हे टेक्सासने दोनदा पाहिले. २००१ मध्ये ह्यूस्टनमध्ये ८२ वर्षांच्या एका विधवेचे, सुमारे दीड लाख डॉलर किमतीचे घर ८१४ डॉलरच्या वर्गणीपायी लिलावात ५,००० डॉलरला गेले. ओरड झाली, घर तिला परत मिळाले आणि २००२ पासून राज्यात घरमालकांच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला: आधी रीतसर नोटीस, निव्वळ दंडापोटी जप्ती नाही, लिलावानंतरही घर सोडवून घेण्यासाठी १८० दिवस. तरीही काही वर्षांनी फ्रिस्कोत इराकमध्ये तैनात असलेल्या एका सैनिकाचे तीन लाख डॉलरचे, कर्ज पूर्ण फिटलेले घर सुमारे ८०० डॉलरच्या थकबाकीसाठी ३,५०० डॉलरला विकले गेले. घरी पत्रे येत होती, पण पत्नी ती उघडण्याच्या मनःस्थितीत नव्हती. हेही घर पुढे तडजोडीत परत मिळाले. अशा प्रकरणांत कागदोपत्री पायऱ्या सहसा वकिलांच्या हातून जातात. त्या साखळीतल्या एकानेही थांबून विचारले नाही, की हे घर कोणाचे आहे आणि ते माणूस उत्तर का देत नाही. मला या दोन प्रकरणांत सर्वांत जास्त खटकते ते हेच. त्यात बेकायदा काय होते, याचा कीस कोर्टात पडला; माणुसकीचा प्रश्न तिथे कोणाच्याच कामाचा भाग नव्हता.

इथे दुसरी बाजू मांडली नाही तर अन्याय होईल. २००८ च्या मंदीत अनेक वसाहतींत कितीतरी घरांची वर्गणी थांबली. लिफ्ट, पाणी, विमा यांचा खर्च थांबला नाही. तो उरलेल्यांनी उचलला, आणि त्यांतही निवृत्त माणसे, एका पगारावरची घरे होतीच. वसुली झालीच पाहिजे. वाद आहे तो तिच्या किमतीचा.

वसुली करणाऱ्या वकिलांवर केंद्रीय कायद्याचा एक लगाम आहे आणि तो मराठी घरमालकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. १९७७ च्या फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस कायद्यातून वकिलांना सुरुवातीला सूट होती. १९८६ मध्ये ती काढली गेली. नियमितपणे कर्जवसुलीचे दावे करणारा वकीलही 'वसुलीदार' ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हाइंत्झ विरुद्ध जेंकिन्स खटल्यात स्पष्ट केले. वसाहतीची वर्गणी हे या कायद्याखालचे कर्ज आहे, असे सातव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने १९९७ मध्ये आणि दहाव्या सर्किटने १९९८ मध्ये ठरवले. याचा व्यवहारातला अर्थ असा: पहिल्या पत्राबरोबर किंवा त्यानंतर पाच दिवसांत वकिलाने रक्कम आणि तुमचे हक्क लेखी कळवायचे असतात, आणि तुम्ही ३० दिवसांत लेखी हरकत घेतली तर हिशेबाचा पुरावा देईपर्यंत तगादा थांबवावा लागतो. फोनवर तावातावाने बोलून हा हक्क मिळत नाही. लिहावे लागते.

नियमभंगाच्या खटल्यांबद्दल थोडक्यात सांगतो. कोर्टे सहसा संघटनांच्या बाजूने झुकतात. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कल्व्हर सिटीतल्या एका बाईंच्या घरातच राहणाऱ्या तीन मांजरांविरुद्ध निकाल दिला, कारण नोंदलेल्या अटींत पाळीव प्राण्यांना मनाई होती. २००७ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्विन रिव्हर्स वसाहतीचे पाट्यांवरचे निर्बंध कायम ठेवले. उलट उदाहरण शिकागोच्या शोअरलाइन टॉवर्सचे. दाराच्या चौकटीवर ज्यू कुटुंबे जो मेझुझा लावतात, तो 'दाराबाहेर कोणतीही वस्तू नको' या नियमाखाली वारंवार काढून टाकला गेला. वाद वर्षानुवर्षे चालला आणि २००९ मध्ये सातव्या सर्किटच्या पूर्ण पीठाने सांगितले की हा धार्मिक भेदभाव आहे की नाही, याचा खटला चालला पाहिजे. दाराला तोरण बांधणाऱ्या, चौकटीवर गणपती लावणाऱ्या घरांच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा आहे. टेक्सासने २०११ मध्ये दारावरच्या धार्मिक चिन्हांना कायद्याने जागा दिली, आधी २५ चौरस इंचांपुरती. २०२१ मध्ये ती मर्यादा बरीच सैल केली. एखाद्या वकिलाने पहिल्याच मीटिंगमध्ये 'हा नियम दाराच्या चौकटीला लावू नका' असे सांगितले असते, तर शिकागोतला तो सगळा खटाटोप टळला असता.

काही प्रकरणे मात्र सरळ गुन्हेगारीची आहेत. लास वेगासमध्ये २००३ ते २००९ या काळात लिऑन बेन्झर या बांधकाम कंत्राटदाराच्या टोळीने वसाहतींत नावापुरते घरमालक घुसवले, त्यांना बोर्डावर निवडून आणले आणि मग त्या बोर्डांकडून बांधकामातल्या दोषांच्या खटल्यांची व दुरुस्तीची कंत्राटे मिळवली. यात वकीलही गुंतले होते. एका वकिलाला ज्युरीने दोषी ठरवले. बेन्झरला २०१५ मध्ये १५ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. असे प्रकार विरळ आहेत. पण वसाहतीच्या निवडणुकीला दहा टक्केही मतदार येत नसतील, तर काय होऊ शकते हे त्यांनी दाखवून दिले.

२४ जून २०२१ ला फ्लोरिडातल्या सर्फसाइडची शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही इमारत कोसळली, ९८ माणसे गेली. अभियंत्याने २०१८ मध्येच गंभीर दोष लिहून दिले होते. दुरुस्तीची मोठी वर्गणी लावावी की नाही यावर बोर्डात आणि सभासदांत वर्षानुवर्षे भांडण चालले, काही संचालकांनी राजीनामे दिले. पुढे शंभर कोटी डॉलरहून मोठी तडजोड झाली, त्यात संघटनेची सल्लागार असलेल्या वकिलांच्या फर्मनेही सुमारे तीन कोटी डॉलर भरले. दोष कबूल न करता झालेली ती तडजोड होती, तेव्हा त्यावरून कोणाला गुन्हेगार ठरवू नये. पण प्रश्न उरतोच. रंग, पाट्या आणि थकबाकी यांवर पत्रे लिहिणाऱ्या वकिलाने छताखालच्या माणसांच्या जिवाचा विषय किती जोराने मांडायचा? माझे उत्तर असे, की अशील ही संस्था असेल, तर त्या संस्थेतल्या माणसांचे जगणे हा तिच्या हिताचा पहिला भाग आहे, आणि ते बोर्डाला नकोसे वाटले तरी लेखी सांगणे हे वकिलाचे कामच आहे.

एव्हन मॅकेन्झी एके काळी अशाच संघटनांची वकिली करत. पुढे ते शिकागोत प्राध्यापक झाले आणि १९९४ मध्ये 'प्रिव्हॅटोपिया' हे पुस्तक लिहून त्यांनी या संघटनांना खासगी सरकारे म्हटले. तेव्हापासून सुधारणांचा प्रवाह हळूहळू वाहतो आहे. नीतिनियमांच्या उपदेशापेक्षा पैशाची वाट वळवणारे साधे कायदे जास्त लागू पडले, असे मला दिसते. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस-स्टर्लिंग कायद्यात सभासदाचा चेक आधी मूळ वर्गणीत जमा करावा लागतो, फी नंतर. १,८०० डॉलरच्या आतल्या आणि वर्षभराहून कमी जुन्या थकबाकीसाठी घर जप्त करता येत नाही. २०२५ च्या दुरुस्तीने बहुतेक दंडांना १०० डॉलरची मर्यादा घातली. टेक्सासने २०११ मध्ये हप्त्यांची सोय बंधनकारक केली. डेन्व्हरच्या ग्रीन व्हॅली रँच वसाहतीतल्या जप्त्यांच्या बातम्या आल्यानंतर कोलोरॅडोने २०२२ मध्ये निव्वळ दंडापोटी होणारी जप्ती बंद केली आणि २०२४ मध्ये वसुलीतल्या वकिली फीलाच मूळ थकबाकीच्या निम्म्यापर्यंत मर्यादा घातली. या शेवटच्या कलमाला मी सर्वांत जास्त मोल देतो. ३०० डॉलरसाठी दीडशेहून जास्त फी मिळणार नसेल, तर फोन उचलून बोलणेच वकिलाला परवडते. नेवाडा, व्हर्जिनिया, फ्लोरिडा अशा राज्यांनी तक्रार ऐकणारे लोकपाल नेमले आहेत. ते मार्गदर्शन करतात, पण त्यांचे हात तोकडे आहेत. अ‍ॅरिझोनात ५०० डॉलर भरून एका मुद्द्यावर प्रशासकीय न्यायाधीशापुढे स्वतः उभे राहता येते. ही वाट इतर राज्यांनी घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. आपली सहकारी गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली चालते, थकबाकीसाठी उपनिबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, व्याजाला आदर्श उपविधींत कमाल मर्यादा आहे. वकिलाची फी आपोआप सभासदाच्या माथी बसत नाही. उपनिबंधक कार्यालयातले हेलपाटे कोणाला चुकलेले नाहीत, तरी ३०० रुपयांसाठी फ्लॅटचा लिलाव सहसा होत नाही. पण पुनर्विकासात आपल्याकडेही तोच प्रश्न वेगळ्या वेशात उभा आहे. मुंबई, पुणे, ठाण्यात सोसायटीच्या वकिलाची आणि सल्लागाराची फी अनेकदा विकासकच देतो, आणि सभासद ती आपली बचत समजतात. करारातली भाडे, मुदत, बँक गॅरंटीची कलमे घासून पाहणारा माणूस कोणाच्या पैशांवर बसला आहे, हे सर्वसाधारण सभेत विचारायला हवे. त्या फीसाठी सभासदांनी वर्गणी काढावी. कोट्यवधींच्या व्यवहारात ती रक्कम मोठी नसते.

तिकडे राहणाऱ्या मराठी घरांना माझे सांगणे इतकेच. घर घेण्यापूर्वी वसाहतीचा दस्तऐवज आणि मागच्या दोन वर्षांचे बजेट मागवा. त्यात वकिलीखर्चाची ओळ किती आहे ते पाहा. वकिलाचे पत्र आले तर ३० दिवस उलटू देऊ नका, हरकत लेखी घ्या आणि निर्विवाद असलेली मूळ वर्गणी वेळेवर भरत राहा. बोर्डावर असाल तर वकिलाला दोन प्रश्न लेखी विचारा: याला जास्तीत जास्त किती खर्च येईल, आणि हे न करता काय करता येईल? आणि बोर्डावर नसाल, तर वार्षिक सभेला जा. बोर्डाच्या अनेक जागा उमेदवार नसल्यामुळेच रिकाम्या राहतात.